ॲप चालू होतं का?

कोणी फार गोड बोलायला लागलं की माझ्या सासूबाई हातातली पिशवी घट्ट धरतात. त्या दिवशी त्या हॉस्पिटलात नव्हत्या आणि मी पिशवी धरायची विसरले.

विम्याचा तपासणीस सफरचंदं घेऊन आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि तोंडात अशी साखर की मुंग्या लागाव्यात. आम्ही पुढे त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. स्टूल ओढून तो नवऱ्याच्या उशाशी बसला. मोबाईल चादरीवर उपडा ठेवला, खिशातून लहानशी सुरी काढली आणि सफरचंद सोलायला घेतलं. साल एकदाही तुटू दिली नाही. सगळी एकसलग काढून कागदावर ठेवली आणि फोडी करून नवऱ्याच्या हातात दिल्या. माझ्या सख्ख्या दिराने एवढं केलं नव्हतं.

"दादा, घाबरायचं नाही. आम्ही कशाला आहोत? कुठे निघाला होतात त्या वेळी?"

"हिला आणायला," नवरा म्हणाला.

खरंच मला आणायलाच येत होता. मी तेव्हा कपडे उसवून मापात बसवून देण्याच्या दुकानात कामाला होते. तो स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवण पोचवायचा आणि संध्याकाळी काम आटपलं की मला घेऊन घरी यायचा. त्या दिवशी वाटेत कुत्रं आडवं आलं. कुत्र्याला वाचवलं आणि स्वतः दुभाजकावर आपटला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. होतं नव्हतं ते विकून एक ऑपरेशन झालं होतं. त्याने हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन केलं तर वाकेल, पण वर्षाच्या आत करा, नंतर केलंत तर उपयोग नाही. त्यासाठीच्या सगळ्या आशा स्कूटरच्या विम्यावर होत्या. चालवणारा जखमी झाला तर विमा खर्च देतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"म्हणजे घरच्याच कामाला," गोडबोल्या म्हणाला. "छान. आणि ॲप? ॲप चालू होतं का?"

"ॲप चालूच असतं साहेब," माझा भोळा सांब छाती फुगवून म्हणाला. "मी कधीच बंद करत नाही."

आता हे काय ते सांगायला हवं. हॉटेलच्या मागच्या भिंतीवर हे सगळे पोरगे ऑर्डरची वाट बघत बसतात. तिथे त्यांची एक पक्की समजूत आहे: ॲप बंद केलं की ते रुसतं. एकाने तापात ॲप बंद ठेवलं, तर बरा झाल्यावर त्याला शहराच्या पार टोकाच्या, चौथ्या मजल्याच्या, लिफ्ट नसलेल्या ऑर्डरी यायला लागल्या म्हणे. खरं-खोटं ॲपलाच माहीत. पण तेव्हापासून कोणी बंद करत नाही. माझा नवरा आंघोळीला जाताना, जेवताना, मला आणायला येतानासुद्धा ते चालू ठेवायचा. ऑर्डर आली तर नको म्हणायचं, पण दुकान बंद करायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "याचं त्या ॲपशीच लग्न लावून द्यायला हवं होतं. निदान सून उलट तरी बोलली नसती."

गोडबोल्या हसला. "कामसू आहात दादा," म्हणाला, आणि आणखी एक फोड दिली.

थोड्याच दिवसांत दोन्हीकडून उत्तरं आली. विमा कंपनीचं म्हणणं: ॲप चालू होतं म्हणजे गाडी धंद्यावर होती, आणि आमचा विमा घरगुती वापराचा आहे, तेव्हा काही मिळणार नाही. जेवण पोचवणारी कंपनीही आपल्या लोकांचा विमा उतरवते. तिचं म्हणणं: आमचा विमा ऑर्डर घेतल्यापासून ती गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत. त्या वेळी तुमच्याकडे ऑर्डर नव्हती, म्हणजे तुम्ही कामावर नव्हता, तेव्हा काही मिळणार नाही. एकीच्या मते माझा नवरा कामावर होता, दुसरीच्या मते नव्हता. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो हाच. फक्त आमच्या पाहुण्याला पंगतीतून उठायलाही येत नव्हतं.

मी विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. गोडबोल्याने मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"ताई, माझ्या मनात खूप आहे हो. पण दादा स्वतःच म्हणाले." त्याने मोबाईलवर बोट फिरवलं आणि माझ्या नवऱ्याचा आवाज त्या खोलीत आला. चालूच असतं साहेब. मी कधीच बंद करत नाही. मागे सफरचंद चावल्याचा आवाज.

म्हणजे चादरीवरचा तो उपडा मोबाईल सगळं टिपून घेत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"सांगितलं का नाहीत, मोबाईल चालू आहे म्हणून?"

"सांगितलं की लोक सावरून बोलतात ना ताई."

"तो मलाच आणायला येत होता. हे तुम्हाला माहीत होतं. ती ॲपची एक ओळ गाळली असतीत तर तुमचं काय जाणार होतं?"

"एक ओळ गाळता येत नाही हो ताई," तो इतक्या मायेने म्हणाला की मागच्या टेबलावरच्या बाईने मान वर करून पाहिलं. "नियम म्हणजे नियम. माझ्या सख्ख्या भावाची असती, तरी गाळली नसती."

मी पाणी न पिता उठले. ऑफिसचा जिना उतरताना मला रडू नाही आलं. मला सूड हवा होता. न्याय वगैरे लोक म्हणतात ते मला ठाऊक नाही. मला तो माणूस खुर्चीच्या कडेवर बसलेला, हात जोडलेला, तोंडाला कोरड पडलेला बघायचा होता.

पण सुडाने चूल पेटत नाही. मेकॅनिकने स्कूटर सरळ करून दिली आणि नवऱ्याच्या जागी मी जेवण पोचवायला लागले. भिंतीवरच्या पोरांनी मला वहिनी म्हणून जागा करून दिली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. कधी खाली जायची वेळ आली की नवरा पायरीवर बसायचा, ताठ पाय पुढे काढायचा आणि बसल्या बसल्या घसरत एकेक पायरी उतरायचा. शेजारचं रांगतं पोर त्याच्याबरोबर तसंच उतरायचं. नवरा त्याच्याशी शर्यत लावायचा, हरायचा आणि हसायचा. मला ते हसणं सहन व्हायचं नाही. मी आधीच खाली जाऊन स्कूटर पुसत उभी राहायचे.

एका रविवारी दुपारी मी मोठ्या इमारतींच्या एका वसाहतीत जेवण द्यायला गेले. फाटकाशी एक चारचाकी उभी होती आणि तिच्यातून खोक्यांवर खोके रचून एक माणूस बाहेर निघत होता. खोक्यांवर सोनेरी स्टिकर. खोक्यांच्या वरून त्याचं कपाळ दिसलं आणि मी हेल्मेट काढलंच नाही. गोडबोल्या!

"हे साहेब नेहमी येतात का?" मी फाटकावरच्या वॉचमनला विचारलं.

"कोण, केकवाले? दर रविवारी. बायको घरी केक करते, हे पोचवतात. माणूस फार गोड आहे."

मला असं हसू फुटलं की वॉचमनला वाटलं हिला ऊन लागलं. पांढऱ्या पाटीची, म्हणजे घरगुती विम्याची गाडी आणि आत विकायचा माल! ज्या खड्ड्यात माझा नवरा पडला, त्याच खड्ड्याच्या काठाकाठाने हा दर रविवारी केक मिरवत होता. आणि तो खड्डा कुठे आहे, हे साऱ्या शहरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण लोकांसाठी नियम आणि आपल्यासाठी पळवाट. उंटावरून शेळ्या हाकणारा, स्वतः मात्र कुंपणातून ये-जा करणारा.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. त्याचंही घर आहे."

"आणि तुझा गुडघा?"

"माझा गुडघा त्याच्या केकने वाकणार आहे का?"

सासूबाई मात्र म्हणाल्या, "लोखंड तापलंय, घाल घाव."

मी घाई केली नाही. दर रविवारी त्या बाजूच्या ऑर्डरी घ्यायला लागले. त्याची वेळ, त्याची वाट, कुठल्या इमारतीत किती वेळ थांबतो, सगळं डोक्यात साठवत गेले. काय करणार होते? त्याच्या साहेबांना कळवणार होते. पण कळवायच्या आधी मला एकदा त्याच्या समोर उभं राहून ते सांगायचं होतं. त्याचा चेहरा बघण्याचा हक्क मी कोणाला देणार नव्हते.

ज्या रविवारी ते ठरवलं, त्या रविवारी त्याच्या गाडीत काचेला टेकेपर्यंत खोके होते. मागचं काही दिसणंच शक्य नव्हतं. मी स्कूटर बाजूला लावली आणि मोबाईल हातात धरून गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने गाडी सुरू केली. गाडी मागे घ्यायचा पांढरा दिवा लागला. मला बाजूला होता आलं असतं, पण रागाने माझे पाय जमिनीत रुतले होते. हा मनुष्य मागे वळून बघेल की नाही, एवढंच डोक्यात होतं.

नाही बघितलं.

शुद्धीवर आले तेव्हा डावा हात दोन ठिकाणी मोडला होता, कमरेला मार होता आणि आजूबाजूला क्रीमचा वास होता. गाडी थांबवताना वरचे खोके फुटले होते. गोडबोल्या माझ्यावर वाकला होता. मी उजव्या हाताने हेल्मेट काढलं आणि त्याने मला ओळखलं. तो चेहरा मी पाहिला. हात मोडल्याचं दुःख त्या घटकेला मला खरंच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात आला. पुन्हा सफरचंदं. शर्टाला इस्त्री नव्हती. नवरा पलंगापाशी खुर्चीवर बसला होता, त्याचा ताठ पाय वाटेत आडवा. गोडबोल्या तो पाय ओलांडून आला आणि खुर्ची नाही म्हणून उभाच राहिला.

"ताई, गाडीचा विमा आमच्याच कंपनीचा आहे. उद्या दुसऱ्या शाखेच्या मॅडम चौकशीला येतील," तो खालच्या आवाजात म्हणाला. "गाडीत काय होतं ते विचारतील. केक होता म्हणा, चालेल. फक्त... विकायचा होता, मी पोचवायला निघालो होतो, असं..."

"असं काय?"

"असं म्हणू नका. ताई, मी तुमच्याच भल्याचं सांगतोय. माझा विमा लागू झाला तर तुम्हाला भरपाई मिळेल. चांगली मिळेल. दादांचं ऑपरेशनसुद्धा होईल त्यात. पण धंद्याचं कळलं तर कंपनी हात वर करेल. मग तुम्हाला माझ्यामागे कोर्टात जावं लागेल. वर्षानुवर्षं जातात हो. आणि माझी नोकरी तर जाईलच."

खोटं बोलत नव्हता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, आणि गुडघा तेवढा वेळ थांबणार नव्हता.

"म्हणजे एक ओळ गाळायची," मी म्हणाले.

त्याच्या कपाळावर घाम आला.

"एक ओळ गाळता येत नाही हो दादा," मी त्याच्याच मायेने म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

त्याने हात जोडले. अगदी जसे मी ऑफिसच्या जिन्यावर मनात पाहिले होते तसेच जोडले. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. फळांची पिशवी पलंगाखाली ठेवून तो गेला.

संध्याकाळी सासूबाई डबा घेऊन आल्या. सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं, "सांगून टाक! जिरव चांगली." मग त्यांची नजर लेकाच्या पायावर गेली आणि त्या डबा उघडायला लागल्या.

नवरा बराच वेळ आपल्या पायाकडे बघत होता. "तू काहीही सांगितलंस तरी मी तुला शब्दाने बोलणार नाही," तो म्हणाला. "तुझा हात मोडलाय. राग तुझा आहे. पण मला एकदा जिना नीट उतरायचाय गं. एका पायानंतर दुसरा पाय."

दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्या बाईंनी फळं आणली नव्हती. मोबाईल सुलटा समोर ठेवला, आवाज टिपून घेतेय म्हणून आधीच सांगितलं, आणि विचारलं, "गाडीत काय होतं?"

ते वाक्य माझ्या जिभेवर कधीपासून तयार होतं. विकायचा माल होता, हा मनुष्य दर रविवारी धंद्याला निघतो, वॉचमनला विचारा. कितीदा मनात घोळवलं होतं, स्कूटरवर, जिन्यावर, भांडी घासताना. त्याने त्याचं घर बसेल, हे मला ठाऊक होतं. आणि मला ते बसलेलं हवं होतं, हेही सांगते.

"केक होते," मी म्हणाले.

"कोणासाठी?"

नवऱ्याचा पाय वाटेत आडवा होता. नर्स ट्रे घेऊन त्याला वळसा घालून गेली.

"ते त्यांना विचारा. असेल कोणाचा वाढदिवस."

"तुम्ही त्यांना आधीपासून ओळखता?"

"हो. माझ्या नवऱ्याला त्यांनी सफरचंद सोलून दिलं होतं."

बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं. त्या गेल्या आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. हात मोडला तेव्हा रडले नव्हते. ते वाक्य गिळताना रडले.

भरपाई आली. ऑपरेशन वेळेत झालं. गुडघा पूर्वीसारखा नाही, पण वाकतो. शेजारचं पोर एव्हाना चालायला लागलं होतं. दोघं एकदम जिना उतरायला शिकले म्हणायचे.

मग एका दुपारी गोडबोल्या घरी आला. तीन मजले चढून धापा टाकत, हातात फळांची पिशवी. मी त्याला बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. मी टेबलाचा खण उघडला, माझा मोबाईल काढला आणि त्याच्यासमोर उपडा ठेवला.

त्याची नजर मोबाईलवर गेली ती हलेना.

"ताई, तुमचे उपकार मी जन्मात..."

"उपकार कसले? मी एक ओळ गाळली. गाळता येते. तुम्ही म्हणाला होतात येत नाही, म्हणून करून दाखवली."

त्याने मान खाली घातली. मग चाचरत म्हणाला, "तो विषय आता संपला ना ताई? म्हणजे... त्या दिवशी तुम्ही गाडीमागे मोबाईल धरून उभ्या होतात. खोक्यांचा फोटो वगैरे काही..."

"असेलही."

"काढून टाका ना. तुम्हाला काय हवं ते सांगा. खरंच सांगा, मी देतो."

"मला काही नको," मी म्हणाले. "तुम्ही असेच घाबरलेले हवेत. दर रविवारी गाडीत बसाल तेव्हा, कोणाच्या उशाशी जाऊन मोबाईल उपडा ठेवाल तेव्हा. बास. आता सफरचंद सोला. माझा हात अजून दुखतो."

सासूबाईंनी सुरी आणि ताटली आणून ठेवली. त्याने सोलायला घेतलं. साल पहिल्याच वळणावर तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. सासूबाई तुकडे उचलत म्हणाल्या, "जाड काढताय हो, अर्धं फळ सालीतच गेलं." नवरा आतल्या खोलीतून चालत आला, काठी न घेता, आणि त्याच्यासमोर बसला. गुडघा वाकवून. गोडबोल्याने फोड त्याच्यापुढे केली.

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं अडखळत उतरताना ऐकू येत होती. नवऱ्याने फोड तोंडात टाकली आणि मला विचारलं, "खरंच आहे फोटो?"

"कुठला फोटो? गाडी अंगावर आली तेव्हाच मोबाईल फुटला. तेव्हापासून सुरूच होत नाही."

"अगं, मग सांगायचंस ना त्याला, बंद आहे म्हणून. बिचारा किती भ्यायलाय."

"का सांगू?" मी म्हणाले. "त्याने सांगितलं होतं का, त्याचा चालू आहे म्हणून?"